हिरव्या पट्टीतला काटा

आधीच सांगते, मी तापट आहे. माहेरी, सासरी, कॉलनीत, कंपनीत, सगळ्यांना माहिती आहे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात मी जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावरची माणसं खुर्च्या सरळ करून बसतात म्हणे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटायचं. पण यंदाच्या खंडेनवमीला जे झालं, त्यानंतर माझ्याच आवाजाची मला धास्ती बसली आहे. अजून नीट झोप लागत नाही.

आम्ही डोळ्यांत घालायचे थेंब बनवतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर लिहून देतात ना, ते. ताज्या चिरलेल्या डोळ्यात जाणारं औषध, त्यात एक जंतू चालत नाही. म्हणून ते बाटलीत भरायची जी खोली आहे, तिथं माणूस जातो तोच डोक्यापासून टाचेपर्यंत झाकून. आणि तिथली हवा! ती गाळायची, थंड करायची, कोरडी करायची, मग आतली माणसं कुडकुडू नयेत म्हणून परत जराशी गरम करायची, आणि अशी तासाला साठ वेळा बदलायची. दिवसरात्र. आत कुणी असो, नसो. आमच्या कारखान्यात येणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज यंत्रं खात नाहीत, ही हवा खाते. तो हवेचा कारभार माझ्याकडे. मी उमा पैठणकर, युटिलिटी विभागाची प्रमुख.

सहा वर्षं मी एकच धोशा लावला होता. पंखे हळू करा. पंखा एक पंचमांश हळू फिरवला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते, हे काही मी घरी बसून काढलेलं नाही, पुस्तकात आहे. तासाला साठ वेळा हवा कशाला, चाळीस वेळा बदलली तरी खोली तेवढीच स्वच्छ राहते, हे मी कण मोजून दाखवलं. पण आमच्याकडं "चाललंय ना, मग हात कशाला लावता" म्हणणारेच जास्त. शेवटी क्वालिटीच्या प्रमुख सगीरानं माझी बाजू घेतली. सगीरा आणि मी एकाच वर्षी कंपनीत लागलो. ती माझ्यावर ओरडू शकते अशी कंपनीतली एकमेव बाई. तिनं चार महिने स्वतः चाचण्या घेतल्या आणि सही करताना एकच अट घातली.

"उमा, हवा कमी कर, माझी ना नाही. पण दाब पडला नाही पाहिजे. दाब पडला तर मी तुझी मैत्रीण नाही, सांगून ठेवते."

दाबाचं प्रकरण सोपं आहे. भरायच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा जरा जास्त ठेवायचा. म्हणजे दार उघडलं की हवा आतून बाहेर ढकलली जाते, बाहेरची घाण आत शिरत नाही. तो दाब दाखवायला बोळाच्या भिंतीवर गोल काटे बसवलेत, प्रत्येक खोलीचा एक. काटा दहाच्या वर असला की हिरव्या पट्टीत, खाली आला की तांबड्यात. नव्या इमारतीत हे सगळं कॉम्प्युटर बघतो. आमची इमारत जुनी, आमचं सगळं भिंतीवरच्या काट्यावर आणि तो बघून वहीत आकडा लिहिणाऱ्या माणसावर.

तो माणूस म्हणजे पुंजारामभाऊ. कन्नडकडचे. एकोणीस वर्षं आमच्या पंख्यांवर आहेत, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. नुसत्या आवाजावरून कुठल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय ते सांगतात. कधी उलटून बोलणार नाहीत. मी कितीही तोंड सोडलं तरी "व्हय मॅडम" म्हणायचं आणि कामाला लागायचं. असा माणूस आपल्या हाताखाली आहे याचा मला केवढा अभिमान होता!

ऑगस्टच्या मध्यावर माझी योजना सुरू झाली. पंखे हळू झाले. पहिल्याच महिन्याचे युनिट बघून आमचे प्लांट हेड अभय सर माझ्या केबिनमध्ये स्वतःहून आले, आजवर कधी आले नव्हते. पुण्याच्या हेड ऑफिसनं विचारलं, हेच बाकीच्या दोन कारखान्यांत करता येईल का? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथली माणसं बघायला येणार होती. तिन्ही कारखान्यांचं काम माझ्याकडं द्यायचं जवळपास ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं, की बाई, तुझं ऐकलं.

खंडेनवमीला आमच्याकडं वर्षातून एकदाच सगळे पंखे पूर्ण बंद होतात. वार्षिक दुरुस्ती असते, आणि तिचा मुहूर्त आम्ही हाच धरतो. यंत्रांची पूजा होते, मग दुरुस्तीवाले पाने घेऊन भिडतात. पुंजारामभाऊंनी शेतातला झेंडू पोतंभर आणला होता. वरच्या पंख्याच्या खोलीत पॅनलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आरती झाली. खाली गेटाशी ट्रक उभा होता, त्याच्या कपाळालाही हार. आत चाळीस हजार बाटल्या, पूजा झाली की निघणार. नाशिककडच्या मोठ्या डोळ्यांच्या शिबिराला माल हवा होता.

मी पेढ्यांची पुडी घेऊन खाली आले. सगीराला द्यायचे होते. तिच्या केबिनला जायचं तर त्या काट्यांच्या बोळातून जावं लागतं. पंखे बंद, त्यामुळं अशी शांतता, की माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. सहज भिंतीकडं बघितलं. पाच काटे. चार शून्यावर. असणारच, पंखे बंद म्हणजे दाब कसला?

पाचवा काटा बारावर होता.

भरायच्या खोलीचा काटा. हिरव्या पट्टीत, मस्त, ऐटीत बारावर.

मला आधी वाटलं, हा पंखा बंद करायला विसरले. डोक्यात तिडीक गेली. वर धावले, दम लागला. पंखा बंदच होता, पॅनलला झेंडूचा हार, कुंकू अजून ओलं. परत खाली आले. काचेवर बोटानं टकटक केलं. काटा हलला, परत बारावर. जोरात टकटक केलं. बारा.

मग एकदम उमगलं. पेढे खाली पडले. कारण मेलेल्या हवेत काटा बारा दाखवत असेल, तर पंखे चालू असताना तो जो तेरा दाखवत होता, त्यातले बारा खोटे. मग खरा दाब किती? एक? आणि हे कधीपासून?

"पुंजारामभाऊ!"

माझी हाक अशी गेली असणार, की ते जिन्यावरून पळत आले. हातात आरतीचं ताट तसंच. मी नुसतं काट्याकडं बोट दाखवलं. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! ज्या बाईच्या तोंडाला सगळे भितात, तिची दातखीळ बसली.

त्यांनी काट्याकडं बघितलं, मग खाली फरशीकडं.

"म्या फिरवलाय, मॅडम."

"काय फिरवलंय?"

"खालचा स्क्रू."

काट्याच्या तळाशी एक बारीक स्क्रू असतो. पंखे बंद असताना काटा शून्यावर नसला, तर तो फिरवून शून्यावर आणायचा, एवढंच त्याचं काम. तो चालू पंख्यात फिरवला की काटा तुम्ही म्हणाल तिथं जाऊन उभा राहतो. दाब तेवढाच राहतो, काटा तेवढा वर चढतो.

"का?" मी विचारलं.

"चुकलं मॅडम," ते म्हणाले. एवढंच.

पण का ते मला माहिती होतं. तिथंच, त्या बोळात, मला धडधडीत आठवलं. योजना सुरू होऊन आठवडा झाला असेल. ते केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "मॅडम, भरायच्या खोलीचा काटा आठवर यायलाय." आणि मी? मी पुण्याला पाठवायचा अहवाल लिहीत होते. मान वर न करता ओरडले होते, "मला कारणं नका सांगू! उद्या सकाळी काटा हिरव्यात दिसला पाहिजे. कसा, ते तुमचं तुम्ही बघा!" दुसऱ्या दिवशी काटा हिरव्यात होता. मी बघितला आणि मनात म्हटलं, बघा, दम दिला की कामं होतात.

अरे देवा!

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एक क्षण, फार तर दोन, माझ्या मनात आलं की स्क्रू मागं फिरवावा. शून्यावर आणावा. बोळात आम्ही दोघंच. हे तर जन्मात बोलणार नाहीत. दुरुस्तीत दाब नीट करून घेऊ, पुण्याची माणसं येतील, बघतील, जातील. माझा हात त्या काट्याच्या काचेपर्यंत गेलाही होता. मग मला माझ्याच आईचा डोळा दिसला, ऑपरेशननंतरचा, हिरवं फडकं बांधलेला. ती सारखी विचारायची, "आता काढू का गं, आता दिसेल ना?"

मी धावत सुटले. पन्नाशीला टेकलेली बाई, जरीची साडी नेसून गेटाकडं धावतेय, वॉचमन बघतच राहिला. अभय सर ट्रकपुढं नारळ घेऊन उभे होते. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं.

"थांबवा! गाडी थांबवा!"

"उमा मॅडम, काय झालं? कुणाला लागलं का?"

"ही बॅच जाऊ देऊ नका. भरायच्या खोलीत दाब नव्हता."

अभय सर हसले. त्यांना वाटलं, माझं काहीतरी नेहमीचं. "अहो, रोजची नोंद आहे, तेरा, चौदा. मी स्वतः बघतो. आणि ही बॅच चाचणीत पास झाली आहे. चौदा दिवस ठेवून बघितलंय, एकही जंतू वाढला नाही."

"काटा खोटा आहे, सर. पंखे बंद आहेत आणि काटा बारावर आहे. चला, दाखवते."

त्यांच्या हातातला नारळ तसाच राहिला. तेवढ्यात सगीरा येऊन पोचली होती, तिला कुणीतरी सांगितलं असणार. तिनं माझं ऐकलं. सरळ ड्रायव्हरकडं गेली आणि म्हणाली, "भाई, इंजन बंद करो. चावी मला द्या."

"सगीरा मॅडम, ही बॅच चाचणीत पास आहे," अभय सर परत म्हणाले.

"वीस बाटल्या पास झाल्यात, सर. चाळीस हजारांतल्या वीस. बाकीच्यांची खात्री मी त्या खोलीच्या भरवशावर दिली होती." चावी तिनं पर्समध्ये टाकली.

मग आम्ही तिघं बोळात आलो. पुंजारामभाऊ तिथंच उभे होते, पेढे गोळा करून कागदात बांधून ठेवले होते. मी म्हटलं, काटा शून्यावर घ्या. त्यांनी घेतला. मग म्हटलं, पंखा चालू करा, रोजच्यासारखा. ते वर गेले. हळूहळू पंख्याची घरघर सुरू झाली. काटा उठला. एक. दीड. परत एक. तिथंच थरथरत राहिला.

सगीरानं अंगावर कोट चढवला, भरायच्या खोलीच्या दारापर्यंत आत गेली. त्या दाराखाली हवा बाहेर जायला मुद्दाम बोटभर फट ठेवलेली असते. तिथं तिनं पातळ कागदाची पट्टी धरली. आम्ही काचेतून बघत होतो. खोलीत दाब असेल तर पट्टी तिच्याकडं, बाहेरच्या बाजूला फडफडायला पाहिजे. ती लोंबतच राहिली. मग तिनं बोळाच्या टोकाचं दुसरं दार उघडायला सांगितलं, कामाच्या दिवशी ते दिवसातून पन्नास वेळा उघडतं. दार उघडलं आणि पट्टी सुळकन आत ओढली गेली. तिच्या बोटातून निसटून खोलीत गेली.

बाहेरची हवा आत जात होती. जी खोली आम्ही जगापासून झाकून ठेवली होती, ती बाहेरचं सगळं आत ओढत होती. आणि आम्ही रोज हिरव्या पट्टीकडं बघून खुश.

सगीरा कोट काढत बाहेर आली. दाराच्या चौकटीचं रबर खालून अर्धं सुटलेलं होतं, ती म्हणाली. "एवढंच. एवढंच गं उमा! बदलायला एक दिवस लागला असता." म्हणजे माझ्या योजनेत खोट नव्हती. हळू पंखा, चांगलं दार, तर सगळं ठीक राहिलं असतं. हळू पंखा आणि फाटकं दार, हे कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं. मला त्या क्षणी पुंजारामभाऊंचा असा राग आला! एवढी वर्षं काम केलेला माणूस, तोंड शिवलं होतं का ह्यांचं?

अभय सरांनी आम्हाला त्यांच्या केबिनमध्ये नेलं. दार लावलं. पुंजारामभाऊंना भिंतीशी उभं केलं, बसा कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

सर आता सावरले होते. "हे बघा," ते म्हणाले, "बॅच थांबवली, चांगलं झालं. पुण्याला कळवावंच लागेल. पण कारण काय लिहायचं, तेवढं आपल्या हातात आहे. ऑपरेटरनं परवानगीशिवाय उपकरणात फेरफार केला. हेच झालंय ना? त्यांना निलंबित करायचं, चौकशी लावायची. योजनेला धक्का लागायचं कारण नाही. उमा मॅडम, तुमचंही नाव येत नाही."

"व्हय साहेब," भिंतीपासून आवाज आला. "माझीच चूक हाय."

सरांनी कागद टाइप करून मागवला. माझ्यापुढं ठेवला. पुंजाराम अमुकतमुक, वैयक्तिक निष्काळजीपणा, असं चार ओळींत. विभागप्रमुख म्हणून सही माझी. आणि मी... मी पेन हातात घेतलं. सांगायला लाज वाटते, पण घेतलं. मनात म्हणत होते, फिरवला तर त्यांनीच ना? मी स्क्रू फिरवा म्हटलं होतं का? सहा वर्षं, माझी सहा वर्षं एका बारीक स्क्रूपायी जातात की काय!

सगीराचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच. ती बॅचची यादी घेऊन बसली होती. "मला एक सांगा," ती म्हणाली, "हे कधीपासून? बाकीच्या गोदामातच आहेत, पण ऑगस्टअखेरीला भरलेली एक बॅच बाजारात गेलीय. ती परत बोलवायची का? त्या दिवशी दाब किती होता, आठ की एक, हे कळल्याशिवाय मी काय सांगू? वहीत तर सगळीकडं तेरा आहे."

बाजारात गेलेली बॅच! मी हातात पेन तसंच धरून तिच्याकडं बघत राहिले.

तेव्हा पुंजारामभाऊ पुढं आले. शर्टाच्या आतल्या खिशातून छोटी डायरी काढली, किराणा दुकानवाले दिवाळीत देतात तसली. टेबलावर ठेवली.

"तारखा हायेत, सगीरा मॅडम. खरा आकडा रोज लिव्हलाय. पयले पाच वजा केले, मंग बारा. त्या टायमाला हवा बाहेरच जायाची, आठ व्हता."

सगीरा पानं उलटायला लागली. भराभर आकडे उतरवून घ्यायला लागली. "या अल्लाह, रोजचा आहे. अठ्ठावीस ऑगस्ट, आठ. आठ म्हणजे हद्दीच्या खाली, पण हवा बाहेरच जात होती. त्या बॅचच्या नमुना म्हणून राखून ठेवलेल्या बाटल्या परत तपासू, तोवर विक्री थांबवायला सांगते..." बोलता बोलता ती थांबली. एक पान परत वाचलं. मग पुढचं. तिचा चेहरा असा काही झाला, की मला वाटलं आणखी काहीतरी भयंकर सापडलं. तिनं डायरी माझ्याकडं सरकवली.

"वाच."

अक्षर शाळकरी, ठळक. मी वाचलं.

"२२ ऑगस्ट. काटा १३. वजा ५. खरा ८. मॅडमला सांगायचं."

"२३ ऑगस्ट. खरा ८. मॅडम मीटिंगात. उद्या सांगू."

"२५ ऑगस्ट. खरा ८. सांगाया गेलो. मॅडम चिडल्या व्हत्या. उद्या."

"३० ऑगस्ट. खरा ८. मॅडमनी हेल्पर धम्मपालला लई झापलं. आज नको."

पानामागून पान. आकडा, आणि आकड्यापुढं मी. मॅडम फोनवर. मॅडम जेवल्या नाहीत, नको. मॅडम खुश हायेत, मूड जाईल, नको. एखाद्या घरातलं पोर दारुड्या बापाकडं बघून दिवस ठरवतं ना, तसं हा साठीला आलेला माणूस माझ्याकडं बघून ठरवत होता.

"९ सप्टेंबर. दाराचं रबर ढिलं व्हतं, आज सुटलं. खरा १. केबिनला गेलो. सांगितलं, रबर. मॅडम म्हनल्या, रबरबिबर नंतर, काटा हिरव्यात आहे ना मग जा. काटा हिरव्यात ठेवला. वजा १२. हे बरं नाय. डोळ्याचं औषध हाय."

मला नऊ सप्टेंबर आठवत नव्हता. जीव तोडून आठवायचा प्रयत्न केला. असेल, कानाला फोन असेल, पुढं अहवाल असेल. हे शब्द माझेच होते, याबद्दल शंका नव्हती. पण तो माणूस मला सांगून गेला आणि मला आठवतही नाही! ऐकलंच नव्हतं मी. त्यांचं तोंड शिवलेलं नव्हतं. ते येतच होते, रोज येत होते, आणि माझ्या दारावरून परत जात होते.

शेवटचं पान आजचं होतं. सकाळी पूजेआधी लिहिलेलं.

"खंडेनवमी. आज मॅडम कुणाला बोलत नाहीत. पूजा झाली की सांगू. नोकरी गेली तर जाऊ दे."

सगीरा खिडकीबाहेर बघत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि रडताना मी कधी कुणाला दिसलेली नाही, पण त्याचंही काही वाटेना.

"सर," मी म्हटलं, "हा कागद चुकीचा आहे."

"मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. परवा पुण्याची माणसं येतायत."

"येऊ द्या." मी पुंजारामभाऊंचं नाव खोडलं. वर माझं लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. खाली लिहिलं, की दाब घटल्याचं ऑपरेटरनं २२ ऑगस्टच्या आधी आणि परत ९ सप्टेंबरला तोंडी सांगितलं होतं. विभागप्रमुखानं ऐकून घेतलं नाही आणि कारण न शोधता काटा हिरव्या पट्टीत दाखवायचा हुकूम दिला. सही केली. "योजना दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. योजना चांगली आहे. ती बंद करू नका, एवढंच म्हणते."

"मॅडम, असं नका करू," पुंजारामभाऊ कळवळून म्हणाले. "माझी दोनच वर्षं राह्यलीत. तुमची लई हायेत."

मी उठले, माझी खुर्ची ओढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. ते बसेनात. हाताला धरून बसवलं. मी समोर उभी राहिले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते बसले होते आणि मी उभी होते.

"भाऊ, आता सांगा," मी म्हटलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात. "आणखी काही आहे का? दुसऱ्या कुठल्या खोलीचं, पंख्याचं, काहीही. जे जे सांगायचं राहिलंय, ते सगळं सांगा. मी ऐकतेय."

त्यांनी तोंड उघडलं. आणि मग, बोलायच्या आधी, मान जराशी वर करून त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मी चिडलेय का ते.